यिंगलिंगांची भट्टी

फिलाडेल्फियातल्या कुठल्याही जुन्या बारमध्ये जाऊन नुसतं 'लागर द्या' म्हटलं की बारवाला पुढचा प्रश्न विचारत नाही. लागर ही खरं तर बीअरची एक अख्खी जात. जगात हजारो लागर आहेत. पण पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व भागात लागर म्हणजे एकच, यिंगलिंग. आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट 'डालडा' म्हणायचे, तशातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे ब्रँडचं नाव जातीला लागलेलं नाही, जातीचं नावच एका ब्रँडने गिळून टाकलंय.

नाव ऐकून बहुतेकांना वाटतं, ही चिनी बीअर. नव्याने अमेरिकेत आलेल्या आपल्या मंडळींना तर हमखास. प्रत्यक्षात हे जर्मन आडनाव आहे, मूळ उच्चार 'युंगलिंग'च्या जवळचा, आणि त्याचा अर्थ पोरसवदा, तरुण मुलगा. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या, आजही चालू असलेल्या बीअरच्या कारखान्याचं नाव 'तरुण पोरगा'! स्थापना १८२९. म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून जेमतेम अकरा वर्षं झाली होती.

आता मी आणि बीअरबद्दल लिहिणार, यावर काही जण हसतील. हसा. मला चवीतलं फारसं कळत नाही आणि हा लेख चवीबद्दल नाहीच. मला कुतूहल आहे ते एकाच घराकडे सहा पिढ्या टिकून राहिलेल्या धंद्याचं. आपल्याकडे म्हणतात, एक पिढी कमावते, दुसरी राखते, तिसरी उडवते. अमेरिकेतल्या बीअरच्या धंद्यात तर हा नियम फार कठोरपणे लागू झाला. मग हे एकच घर त्यातून कसं सुटलं? आणि सुटताना कशाकशाची किंमत मोजली गेली?

(आणखी एक, शीर्षकातल्या 'भट्टी'वर जाणकार आक्षेप घेतील. भट्टीत दारू गाळतात, बीअर गाळत नाहीत, आंबवतात. बरोबर आहे. पण 'ब्रुअरी'ला मराठीत दुसरा शब्द कुठे आहे? 'किण्वनशाळा' वगैरे म्हणायचं माझ्या जिवावर येतं.)

गाव आहे पॉट्सव्हिल. फिलाडेल्फियाच्या वायव्येला गाडीने दोनेक तासांवर, डोंगरांत. हा सगळा मुलूख ॲन्थ्रसाइट कोळशाचा. ॲन्थ्रसाइट म्हणजे अगदी कठीण, चकाकणारा दगडी कोळसा, पेटायला चिवट पण एकदा पेटला की जवळजवळ धूर न करता भरपूर उष्णता देणारा. कोळसा डोंगरात होताच, तो शहरात पोचवायची सोय नव्हती. १८२५ साली स्कूलकिल नदीच्या काठाने कालवा पूर्ण झाला आणि होड्यांतून कोळसा थेट फिलाडेल्फियाला जाऊ लागला. मग काय, सोन्याच्या खाणी सापडल्यावर उडते तशी झुंबड उडाली. वेल्स, इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी इथून माणसं आली, पुढे पोलंड आणि लिथुआनियातूनही आली.

त्या झुंबडीत विशीतला एक जर्मन तरुण आला. डेव्हिड गॉटलीब युंगलिंग. वुर्टेम्बर्गमधल्या आल्डिंगेन गावचा, बीअर करणाऱ्याच्या घरातला. इथे येऊन त्याने आडनावाचं स्पेलिंग बदललं, इंग्रजी जिभेला वळेल असं केलं. आणि १८२९ मध्ये पॉट्सव्हिलच्या सेंटर स्ट्रीटवर 'ईगल ब्रुअरी' काढली. दिवसभर जमिनीखाली कोळशाची धूळ गिळणाऱ्या माणसाला संध्याकाळी काय लागतं, हे त्याने ओळखलं होतं. कोळसा काढायला सगळेच धावत होते. कोळसा काढणाऱ्यांची तहान भागवायचा धंदा त्या मानाने मोकळा होता.

दोन वर्षांत, १८३१ मध्ये, कारखाना आगीत जळाला. त्याने जवळच महंटोंगो स्ट्रीटवर, टेकडीच्या उतारावर नवा बांधला. तो अजून तिथेच आहे. नुसता उभा नाही, त्यात अजून बीअर बनते.

उताराची जागा निवडण्यात शहाणपण होतं. बीअरचं गणित तापमानाचं असतं. सातू भिजवून, मोड आणून, भाजून त्याचं माल्ट करायचं, ते गरम पाण्यात कालवून गोड पाणी काढायचं, त्यात हॉप्सची कडवट फुलं घालून उकळायचं आणि गार करून यीस्ट घालायचं. इथवर स्वयंपाक. पुढचं काम यीस्टचं, आणि ज्याने इडलीचं पीठ आंबवलंय त्याला ठाऊक आहे की ते हवामानावर चालतं. उन्हाळ्यात पीठ रात्रीत पातेल्याबाहेर येतं आणि आंबट होतं. बीअरचं तेच. ती सावकाश आंबावी, मग आठवडेच्या आठवडे शांत पडून राहावी, यासाठी गारवा हवा, आणि तो बारा महिने हवा. १८३१ मध्ये यंत्राने थंडी निर्माण करायची सोय नव्हती. तळ्यातला बर्फ हिवाळ्यात कापून भुशात साठवायचा, किंवा जमिनीच्या पोटात शिरायचं.

यिंगलिंगने डोंगरात गुहा खणून घेतल्या. आत उन्हाळा-हिवाळा सारखाच गारवा. पिपं तिथे ठेवायची. मला नेहमी वाटतं की हे काम बाकी कुठल्या गावात इतकं सहज झालं नसतं. पॉट्सव्हिलमध्ये डोंगर पोखरणाऱ्या माणसांची काय वाण!

सुरुवातीला तो बनवायचा एल आणि पोर्टर. पोर्टर म्हणजे काळपट, भाजक्या चवीची बीअर, मूळची लंडनची. गंमत अशी की विसाव्या शतकाच्या मध्यावर खुद्द इंग्लंडमध्ये पोर्टर जवळजवळ दिसेनाशी झाली, पण पेनसिल्व्हेनियातल्या या कोळशाच्या गावात एका जर्मनाच्या कारखान्यात ती चालूच राहिली. मुलुखाबाहेर गेलेल्या मंडळींनी जुन्या रीती मूळ गावापेक्षा जास्त जपाव्यात, हे आपल्याला नवीन नाही. तंजावरच्या मराठीत अशा कितीतरी गोष्टी आहेत.

डेव्हिडच्या मुलांपैकी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि मला वाटतं घराण्याचा सगळा स्वभाव तिथे दिसतो. थोरला, डेव्हिड ज्युनिअर, महत्त्वाकांक्षी. बापाच्या गावात त्याचं मन रमेना. यादवी युद्ध संपल्यावर त्याने व्हर्जिनियात रिचमंडला, जेम्स नदीच्या काठी वाफेच्या इंजिनावर चालणारा मोठा कारखाना काढला. तिथेही बापासारख्याच गुहा बांधल्या. १८७३ ची मोठी मंदी आली आणि त्या दशकाच्या अखेरीस तो बंद पडला. न्यूयॉर्कमध्येही त्याने कारखाना चालवला, तोही पुढे हातचा गेला. रिचमंडच्या गुहांचे अवशेष आजही नदीकाठी आहेत. दुसरा मुलगा फ्रेडरिक घरीच राहिला. १८७३ मध्ये बापाने त्याला भागीदार केलं आणि पाटी बदलली: 'डी. जी. यिंगलिंग अँड सन'. 'सन', एकवचनी. दीडशे वर्षं झाली, पाटी तीच आहे.

मोठी उडी मारणारा बुडाला, घरात बसून राहिलेला टिकला. यावरून 'घरी बसा' असा बोध कुणी काढू नये. १८७३ च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांहून अधिक ब्रुअऱ्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक घरी बसूनच गेल्या.

म्हातारा डेव्हिड १८७७ मध्ये वारला. पॉट्सव्हिलच्या इतिहासात ते साल वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवलं जातं. २१ जून १८७७ ला एका दिवसात पॉट्सव्हिलच्या तुरुंगात सहा आणि शेजारच्या मॉक चंक गावात चार अशा दहा आयरिश माणसांना फाशी दिलं गेलं. आरोप असा की ते 'मॉली मग्वायर' या गुप्त संघटनेचे, खाणींतले फोरमन-सुपरवायझर मारणारे. पुरावा मुख्यतः पिंकर्टन कंपनीच्या एका खासगी हेराचा. खटल्यात सरकारतर्फे उभा राहिला फ्रँकलिन गोवेन, जो स्वतः रेडिंग रेलरोडचा अध्यक्ष, म्हणजे त्या मुलुखातल्या खाणींचा सर्वात मोठा धनी! दोन वर्षांत एकूण वीस जण फासावर गेले. शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, त्यांच्यातल्या जॉन किहो याला पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने मरणोत्तर माफी दिली.

यिंगलिंगांचा त्या प्रकरणाशी संबंध नाही. तरी मी ते सांगतोय, कारण हा कारखाना कसल्या गावात उभा होता ते कळावं. महंटोंगो स्ट्रीट वर चढत जातो तसतशी घरं मोठी होत जातात. खालच्या गल्ल्यांत खाणमजूर, टेकडीवर मालक. याच रस्त्यावर वाढलेला एक डॉक्टरचा मुलगा, जॉन ओहारा, पुढे मोठा कादंबरीकार झाला आणि त्याने गावाला 'गिब्सव्हिल' असं नाव देऊन इथल्या वरच्या आणि खालच्या माणसांमधलं अंतर जगासमोर मांडलं. गावाला ते फारसं आवडलं नाही म्हणतात. आता त्याचा पुतळा उभारलाय.

१८९९ मध्ये फ्रेडरिक गेला आणि त्याचा मुलगा फ्रँक आला. तो १९६३ पर्यंत होता. चौसष्ट वर्षं! एक माणूस, एक कारखाना. त्या काळात दोन महायुद्धं झाली, कोळशाचा धंदा कळसाला पोचून कोसळला, आणि मधे तेरा वर्षं तर त्याचा मालच बेकायदा होता.

अमेरिकेची दारूबंदी जानेवारी १९२० मध्ये लागू झाली. अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय बनवायचं नाही, विकायचं नाही. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने निदान 'परमिट' तरी ठेवलं. इथे बीअरवाल्यांसाठी ती खिडकीही नव्हती. पॉट्सव्हिलच्या गुहांच्या तोंडाशी सरकारी माणसांनी विटांची भिंत घातली. ती भिंत पुढे फोडली, पण तिचा काही भाग मुद्दाम ठेवलाय आणि कारखाना बघायला येणाऱ्यांना अजून दाखवतात.

देशातल्या बहुतेक ब्रुअऱ्या मेल्या त्या इथे. फ्रँकने काय केलं? एक तर 'निअर बीअर', म्हणजे जवळजवळ बीअर, विकायला काढली. नेहमीसारखी बीअर करायची आणि मग तिच्यातलं अल्कोहोल काढून टाकायचं. 'स्पेशल', 'पोर-टोर' आणि 'ज्यूव्हो' अशी तिची नावं. 'पोर-टोर' हे नाव मराठी कानांना भलतंच गोड लागतं! चव कशी असेल कल्पना करवत नाही. लग्नात वरातीविना नुसता घोडा आणावा तसं.

दुसरं, त्याने रस्त्याच्या पलीकडे दुग्धालय काढलं. आइस्क्रीम! ऐकायला विचित्र वाटतं, पण विचार केला तर चोख हिशेब आहे. एव्हाना यंत्राने थंडी करायची सोय झाली होती आणि ब्रुअरीवाल्यांइतकी ती कुणाकडेच नव्हती. थंडी आहे, पाइप आणि टाक्या धुवायची शिस्त आहे, गावोगाव माल पोचवणाऱ्या गाड्या आहेत, दुकानदारांशी उधारीचे संबंध आहेत. बीअर वजा केली की उरतं ते सगळं आइस्क्रीमवाल्याला लागणारंच. सेंट लुईसच्या बलाढ्य अनहायझर-बुशनेही बंदीच्या काळात आइस्क्रीम विकलं होतं. यिंगलिंगांची डेअरी मात्र बंदी उठल्यावरही बंद झाली नाही, १९८५ पर्यंत चालली. त्या भागातल्या दोन पिढ्यांना यिंगलिंग म्हटलं की आधी आइस्क्रीम आठवायचं.

तिसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. न्यूयॉर्कचा 'रोझलँड' हा नाचाचा प्रसिद्ध हॉल, जिथे जॅझचे मोठमोठे बँड वाजले, तो सुरू करणाऱ्या लुई ब्रेकरच्या पाठीशी पैसा होता फ्रँक यिंगलिंगचा. १९१७ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेला हा हॉल १९१९ मध्ये न्यूयॉर्कला गेला. म्हणजे बंदी यायच्या आधीच माणसाने एक पाय दुसऱ्या होडीत ठेवला होता.

एप्रिल १९३३ मध्ये हलकी बीअर पुन्हा कायदेशीर झाली. यिंगलिंगांनी 'विनर बीअर' नावाची खास बीअर काढली आणि आभार म्हणून तिचा एक ट्रक थेट व्हाइट हाउसवर रूझवेल्टसाहेबांकडे पाठवला. ही गोष्ट सांगताना गावातले लोक डोळा मारतात. कारण बीअर तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि ट्रक म्हणे बंदी उठली त्याच दिवशी पोचला! आता हे सगळं आधी परवानगी घेऊन केलं होतं की कसं, ते विचारायचं नसतं.

खरं संकट दारूबंदीनंतरचं. कायद्याचं संकट सगळ्यांवर सारखं येतं. बाजाराचं तसं नसतं, ते लहानाला आधी गाठतं. दुसऱ्या महायुद्धानंतर टीव्ही आला, देशभर जाहिराती करणाऱ्या चार-पाच कंपन्या राक्षसासारख्या वाढल्या, हायवेवरून त्यांचा स्वस्त माल गावागावात पोचला. गावची बीअर म्हणजे म्हाताऱ्यांची बीअर झाली. १९७० चं दशक संपेपर्यंत अख्ख्या देशात शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. त्यातच पॉट्सव्हिलचा कोळसा संपत आला. खरं तर कोळसा होता, पण गिऱ्हाईक तेल आणि गॅसकडे गेलं होतं. ॲन्थ्रसाइटचं उत्पादन १९१७ च्या सुमारास कळसाला, दहा कोटी टनांच्या आसपास होतं. त्यानंतर उतारच. गावाची वस्ती १९४० मध्ये चोवीस हजारांच्या वर होती, २०२० मध्ये तेरा हजारांच्या थोडी वर उरली. तहान भागवायची कुणाची, हाच प्रश्न.

फ्रँकनंतर त्याची मुलं रिचर्ड आणि डोरमन धंदा बघत होती. रिचर्डचा मुलगा डिक शाळकरी वयापासून कारखान्यात राबलेला. त्याला नवी यंत्रं हवी होती, विक्रीची नवी पद्धत हवी होती. वडिलांना ते मान्य नव्हतं. हा संवाद मला न ऐकताही ऐकू येतो, तुम्हालाही येत असेल. कुठल्याही पेठेतल्या कुठल्याही दुकानात, गल्ल्यावर बसलेले वडील आणि समोर उभा मुलगा. 'इतकी वर्षं चाललंय ना?' 'म्हणूनच म्हणतोय, आता नाही चालणार.' १९७३ मध्ये डिक बाहेर पडला आणि बीअरच्याच वितरणाचा स्वतःचा धंदा करू लागला.

वडिलांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्या काळात कर्ज काढून नवी यंत्रं आणणाऱ्या कितीतरी गावठी ब्रुअऱ्या त्या कर्जाखालीच मेल्या. काही न करणं हेही तेव्हा एक धोरण होतं, आणि बारा वर्षं त्याने कारखाना जिवंत ठेवला. मधे १९७६ साल कामी आलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, जुन्या गोष्टींचं एकदम कौतुक सुरू झालं आणि 'देशातली सर्वात जुनी ब्रुअरी' म्हणून पॉट्सव्हिलकडे लोकांचं लक्ष गेलं. इतकी वर्षं जे म्हातारपण ओझं होतं, तेच भांडवल झालं.

१९८५ मध्ये डिक परत आला. पण वारस म्हणून नाही, खरेदीदार म्हणून. या घराण्याची रीत अशी की पुढच्या पिढीला धंदा वारशात मिळत नाही, आधीच्या पिढीकडून विकत घ्यावा लागतो. मला हा या सगळ्या इतिहासातला कळीचा मुद्दा वाटतो. आपल्याकडे वाटण्या होतात. चार भावांत दुकान चार भाग होऊन चार पाट्या लागतात, 'मूळ दुकान हेच' अशा. पाश्चात्त्य घराण्यांत शेअर वाटले जातात, तिसऱ्या-चौथ्या पिढीत पन्नास-शंभर चुलतभावंडं होतात, त्यांना धंद्यात रस नसतो, दर वर्षी लाभांश तेवढा हवा असतो, आणि मोठी किंमत आली की ती विकायला तयार असतात. इथे ज्याला खरंच हवंय त्याने कर्ज काढायचं, पैसे मोजायचे, मग खुर्चीत बसायचं. यात प्रेम कमी आहे असं वाटेल. पण ज्या मुलाने बापाशी भांडून बारा वर्षं बाहेर काढली, त्याला फुकट मिळण्यापेक्षा विकत घेणंच सोपं गेलं असेल.

डिकने घेतली तेव्हा वर्षाची विक्री दीड लाख बॅरलच्या आत होती. (एक बॅरल म्हणजे साधारण ११७ लिटर.) १९८७ मध्ये त्याने लागर पुन्हा बाजारात आणली. तांबूस रंगाची, बड्या कंपन्यांच्या पाणचट पिवळ्या बीअरपेक्षा चवदार, पण नव्या हौशी 'क्राफ्ट' बीअरपेक्षा स्वस्त आणि सौम्य. मधली जागा रिकामी होती, ती याने धरली. मागणी इतकी वाढली की नव्वदच्या दशकात माल पुरेना आणि त्याने चक्क न्यू इंग्लंडमधून माघार घेतली. बाजारातून स्वतःहून मागे फिरणारा धंदेवाला तुम्ही किती वेळा पाहिलाय? मॅसॅच्युसेट्समध्ये तो परत गेला थेट २०१४ मध्ये.

जास्त माल काढायला जागा हवी होती. १९९९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरातली एक तयार ब्रुअरी त्याने विकत घेतली, आणि २००१ मध्ये पॉट्सव्हिलजवळ नवा कारखाना सुरू केला. टँपाच्या ब्रुअरीची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. ती बांधली श्लिट्झने. श्लिट्झ ही मिलवॉकीची, एके काळी देशातली पहिल्या नंबरची बीअर, मालक यूलाइन घराणं. सत्तरच्या दशकात खर्च वाचवायला त्यांनी आंबवण्याचा वेळ कमी केला, घटक बदलले, बीअरमध्ये साका दिसू लागला आणि गिऱ्हाईक कायमचं तुटलं. १९८२ मध्ये डेट्रॉइटच्या स्ट्रोह घराण्याने कर्ज काढून श्लिट्झ गिळली. स्ट्रोहही जर्मन, १८५० पासूनचे. ते कर्ज त्यांना पचलं नाही, १९९९ मध्ये स्ट्रोहही संपले. आणि मधे दोन-चार हात बदलून शेवटी स्ट्रोहकडे असलेली टँपाची ब्रुअरी मिळाली कुणाला, तर या दोघांपुढे कधीच न दिसलेल्या पॉट्सव्हिलच्या चिमुकल्या यिंगलिंगला. २००८ मध्ये अनहायझर-बुशही बेल्जियमच्या इनबेव्हने ५२ अब्ज डॉलरला घेतली, आणि पाहता पाहता पूर्णपणे अमेरिकन मालकीच्या कंपन्यांमध्ये यिंगलिंग सर्वात मोठी झाली. वर्षाला पंचवीस लाख बॅरलच्या पुढे.

इथे थांबलो असतो तर ही छान गोष्ट झाली असती. कंपनीच्या माहितीपत्रकात ती इथेच थांबते. पण गोष्ट मालकाच्या खिडकीतूनच बघायची असं थोडंच आहे.

२००६ मध्ये पॉट्सव्हिलच्या कारखान्यातली टीमस्टर्स युनियन गेली. कामगारांनी सह्या केलेल्या अर्जाच्या आधारे कंपनीने युनियनला मान्यता देणं थांबवलं. युनियनने बहिष्कार पुकारला. पुढे २०१३ मध्ये डिकने जाहीर भाषणात पेनसिल्व्हेनियात युनियनची सक्ती नसलेला कायदा हवा असं सांगितलं. ज्या गावात एका दिवसात सहा माणसं फासावर गेली, ज्या गावात खाणमजुरांच्या संपांच्या कथा आज्या नातवंडांना सांगतात, त्या गावात हे घडलं आणि गावाने ते पचवलंही. का? माझ्या मते उत्तर साधं आहे. खाणी गेल्या, कपड्यांचे कारखाने गेले. पगार देणारं एकच जुनं नाव उरलं होतं. शेवटच्या मालकाशी कोण भांडणार?

जून २०१६ मध्ये सांडपाण्याचं प्रकरण बाहेर आलं. पॉट्सव्हिलच्या दोन्ही कारखान्यांतून २००८ ते २०१५ दरम्यान गावाच्या सांडपाणी केंद्रात सोडलेल्या पाण्याने मर्यादा मोडल्याच्या १४१ नोंदी होत्या. कंपनीने केंद्र सरकारशी तडजोड केली, २८ लाख डॉलर दंड, वर सुधारणांसाठी सुमारे ७० लाख. ज्यांनी माल्टचं धुवण पाहिलंय त्यांना कळेल की हे विष नसतं, पण त्यातली साखर आणि यीस्ट पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. छोट्या कारखान्याचं धुवण नदी सहन करते. लाखो बॅरलचं करत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रम्प यांचा मुलगा कारखान्यात आला, डिकने वडिलांना उघड पाठिंबा दिला, आणि फिलाडेल्फियातल्या कितीतरी बारनी नळावरून यिंगलिंग काढून टाकली. घराण्याचं नाव बाटलीवर असलं की घराण्याचं मतही बाटलीत उतरतं. संचालक मंडळ असलेली कंपनी अशा वेळी जनसंपर्क अधिकाऱ्याला पुढे करते. डिकला तशी सवय नव्हती.

मला स्वतःला या माणसाचं बरंच काही पटत नाही. पण तो मला कळतो. ज्याने धंदा विकत घेतला, तो त्याला स्वतःचाच समजणार, गावाचा किंवा कामगारांचा नाही. ज्या रीतीने हा धंदा चुलतभावंडांच्या हातून फुटण्यापासून वाचला, त्याच रीतीने तो एका माणसाच्या मुठीत गेला. एकाच नाण्याच्या या दोन बाजू वेगळ्या करता येतील असं मला तरी वाटत नाही.

डिकला चार मुली. मुलगा नाही. 'अँड सन' पाटीवर असलेल्या कंपनीत पाच पिढ्या पुरुषांच्या, सहावी पिढी चौघी बहिणींची, आणि चौघीही धंद्यात आल्या. जेनिफर प्रत्यक्ष बीअर बनवण्याच्या बाजूला, वेंडी कारभाराच्या. त्यांनाही तीच रीत, म्हणजे विकत घ्यायचं. फक्त डिकने दीड लाख बॅरलचा, गंजलेल्या यंत्रांचा कारखाना विकत घेतला होता. यांच्यासमोर पंचवीस पट मोठा नाही तरी पंधरा-वीस पट मोठा आहे, आणि घेणारी एक नाही, चौघी आहेत.

२०२० मध्ये कंपनीने मोल्सन कूर्सशी करार केला आणि २०२१ मध्ये यिंगलिंग पहिल्यांदा टेक्ससमध्ये मिळू लागली. ती बनते मात्र पॉट्सव्हिलला नाही, फोर्ट वर्थला, मोल्सन कूर्सच्या कारखान्यात. रिचमंडला गेलेल्या डेव्हिड ज्युनिअरने स्वतःच्या पैशाने कारखाना बांधला होता आणि बुडाला होता. त्याच्या चुलत वारसांनी दुसऱ्याच्या टाक्या भाड्याने घेतल्या.

पॉट्सव्हिलमध्ये फ्रँकने १९१३ मध्ये बांधलेला वाडा महंटोंगो स्ट्रीटवरच वर टेकडीकडे आहे. तो नंतर कलेसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेकडे गेला. डेअरी गेली. खाली जुना कारखाना चालू आहे. उकळायच्या खोलीचं छत रंगीत काचांचं, भिंतींवर जुनी चित्रं. त्याच्याखाली आजही गोड पाण्यात हॉप्स पडतात आणि रस्त्यावर भिजलेल्या भाजक्या धान्याचा वास येतो. गुहा आता वापरात नाहीत. आत शिरलं की विटांची ती फोडलेली भिंत लागते, आणि ऐन उन्हाळ्यातही अंगावर शाल असती तर बरं झालं असतं, असं वाटतं.